धागा: घरी केलेलं सेंद्रिय मातीचं मिश्रण बिघडलं, मिरची-टोमॅटोचे शेंडे पिवळे पडताहेत

गच्चीवरची_मिरची (कोथरूड, पुणे) · ९ जुलै

नमस्कार मंडळी. गेली तीन वर्षं नर्सरीची तयार माती आणून गच्चीवर भाजी करते आहे. यंदा मिश्रण स्वतः करायचं ठरवलं. एका परदेशी व्हिडिओत 'सुपर सॉइल' नावाची पाककृती होती, एकदा केली की हंगामभर वेगळं खत घालायला नको म्हणे. ती बघून पुढीलप्रमाणे केलं:

काळी माती ३ घमेली (आमच्या सोलापूरकडच्या शेतातली, मुद्दाम गाडीतून आणलेली), कोकोपीट ३, गांडूळखत २, परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे) १. या प्रमाणात एकूण साधारण ४०० लिटर. त्यात दर १०० लिटरला १ किलो डोलोमाइट (चुनखडीसारख्या दगडाची पूड), १ किलो निंबोळी पेंड, अर्धा किलो हाडांचा चुरा आणि अर्धा किलो लाकडाची राख. २० लिटरच्या वीस ग्रो बॅगा भरल्या. तळाला विटांचे तुकडे घातले. चौथ्या दिवशी, म्हणजे १२ जूनला, मिरची, टोमॅटो आणि वांग्याची रोपं लावली.

आज चार आठवडे झाले, रोपं जागची हलली नाहीत. शेंड्याची पानं पिवळीधमक, शिरा तेवढ्या हिरव्या. खालची जुनी पानं अजून ठीक आहेत. पाऊस पडला की पाणी वर साचून राहतं. बारीक काळी चिलटं फिरतात. एक बॅग उपसली तर तळातून कुबट वास आला. शेजारच्या बॅगेत, गेल्या वर्षीच्या नर्सरीच्या मातीत, त्याच तारखेला लावलेली मिरची फुलावर आली आहे.

कोणी सांगा, कुठे चुकलं? बाजारातून माती आणायची नाही म्हणून हा सगळा घाट घातला होता. फार वाईट वाटतंय.

---

हिरवा_कोपरा (ठाणे) · ९ जुलै

ताई, पिवळी पानं म्हणजे मॅग्नेशियम कमी. एक चमचा एप्सम सॉल्ट लिटरभर पाण्यात घालून फवारा. मी सगळ्या झाडांना महिन्यातून एकदा देतोच.

---

मुरलेलं_शेणखत (बारामती) · ९ जुलै

थांबा, एप्सम लगेच नको. मॅग्नेशियम कमी पडलं तर आधी जुनी, खालची पानं पिवळी होतात, कारण झाड तिथलं मॅग्नेशियम काढून नव्या पानाला देतं. नत्राचंही तसंच. ताई म्हणतात खालची पानं ठीक आहेत आणि शेंडा पिवळा आहे. लोह झाडाला जुन्या पानातून काढून घेता येत नाही, म्हणून त्याची कमतरता शेंड्यावर दिसते. शिवाय डोलोमाइटमध्ये मॅग्नेशियम असतंच, ते तुम्ही ४ किलो घातलंय.

आमच्याकडे चुनखडीच्या रानात उसाला आणि भुईमुगाला हेच होतं. त्याला आम्ही केवडा पडला म्हणतो. तुमच्या गच्चीवर केवडा पडला आहे, असं मला वाटतं. पण वाटण्यावर औषध द्यायचं नाही. तीन गोष्टी करून बघा, तिन्हीला मिळून पन्नास रुपयेसुद्धा लागणार नाहीत.

पहिली. मिश्रण न केलेली नुसती काळी माती उरली असेल तर ती चमचाभर घ्या. आधी पाण्याने पूर्ण भिजवा, नाहीतर कोरड्या मातीतली हवा बाहेर येते आणि ते बुडबुडे फसवतात. मग त्यावर स्वयंपाकातलं व्हिनेगर टाका. फसफसली तर मातीत मुळातच चुनखडी आहे.

दुसरी. दोन वाट्या घ्या, एकीत तुमचं मिश्रण, दुसरीत नर्सरीची माती. दोन्हीत वीस-वीस मेथीचे दाणे पेरा. पाच दिवसांनी मोजा. किती उगवले ते तर बघाच, पण मूळ उपटून टोकही बघा.

तिसरी. कोकोपीट धुतलं होतं का, आणि पाणी कोणतं घालता, ते सांगा.

---

गच्चीवरची_मिरची · १० जुलै

काका, कोकोपीट धुतलं नाही. ५ किलोच्या दोन विटा होत्या, भिजवून फुगवल्या आणि तशाच वापरल्या. पाणी बोअरचं. बॅगांच्या कडेला पांढरा थर दिसतो, तो मी बुरशी समजत होते. माती थोडी उरली आहे, आजच बघते.

---

खाडीकाठ (रत्नागिरी) · १० जुलै

वाचतोय. आमच्याकडे जांभा, म्हणून प्रश्न बरोबर उलटा. लाल माती आंबट, सामू (म्हणजे pH, सातच्या खाली आंबट) साडेपाचच्या आसपास. मिरचीची पानं खालून जांभळट होतात, वाढ खुंटते, कारण त्या मातीतलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद (फॉस्फरस) घट्ट धरून बसतं. मी दर पावसाळ्याआधी थोडा चुना देतो आणि झाडं बदललेली डोळ्यांनी दिसतात. हाडांचा चुराही आमच्याकडे लागू पडतो, कारण तो विरघळायला आंबट माती लागते. सामू सातच्या वर गेला की तो चुरा मातीत नुसता पडून राहतो. म्हणजे तुमच्या मिश्रणात त्याचा उपयोग झालाच नसणार.

परलाइट महाग पडत असेल तर भाताचं तूस बघा. आमच्याकडे गिरणीत पोत्याने मिळतं. अर्धवट जाळून काळं केलेलं जास्त टिकतं.

---

मेपलखालची_ओसरी (ओंटारिओ, कॅनडा) · ११ जुलै

ताई, तुमची पाककृती मी लगेच ओळखली, कारण माझ्या शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये ती दर वसंतात तयार होते. इथे २०१८ पासून घरटी गांजाची चार झाडं लावायला कायद्याने मुभा आहे, आणि 'सुपर सॉइल' ही मूळ त्याच मंडळींची रीत. तो माणूस मातीच्या बाबतीत फार काटेकोर आहे. त्याच्याकडून उरलेली माती मी वांग्यांना घेते, म्हणून आतली गोष्ट माहीत आहे.

त्या पाककृतीचा पाया इथलं पीट आहे. पीट म्हणजे दलदलीतलं शेवाळ हजारो वर्षं साठून झालेला थर. ते भयंकर आंबट असतं, सामू ४ च्या आसपास. डोलोमाइट त्यात चवीसाठी नसतं, तो आंबटपणा मारण्यासाठी असतं. तुम्ही पीटच्या जागी कोकोपीट घेतलंत, त्याचा सामू सहाच्या आसपास, म्हणजे मारायला आंबटपणा उरलाच नाही. मातीही दख्खनच्या पठारावरची, जिच्यात निसर्गाने आधीच चुना घातला आहे. वर डोलोमाइट, वर राख, वर बोअरचं जड पाणी. एकाच बाजूला चार वजनं पडली.

आणखी दोन गोष्टी व्हिडिओत बहुतेक घाईत सांगतात. हे जड मिश्रण कुंडीच्या फक्त खालच्या तिसऱ्या भागात भरायचं असतं. वर साधी माती, रोप त्यात. मुळं हळूहळू खाली उतरतात तोवर खालचं निवलेलं असतं. आणि मिश्रण ओलसर करून किमान महिनाभर झाकून ठेवायचं. इथे त्याला 'शिजवणं' म्हणतात, मला आपला मुरवणं हाच शब्द बरोबर वाटतो, लोणच्यासारखं. चौथ्या दिवशी लावलं तर पेंड रोपाच्या मुळाशीच कुजते, तापते, अमोनिया सोडते. रोपं सुरुवातीलाच थबकली ती त्यामुळे असतील.

माझी आई पंढरपूरची. ती इथे आली होती तेव्हा ही काळी पीट हातात घेऊन म्हणाली, "ही माती नाहीच, हिला वजनच नाही." मला तेव्हा काही वाटलं नव्हतं, आज तुमचा धागा वाचताना ते आठवलं.

---

गच्चीवरची_मिरची · १५ जुलै

निकाल देते.

उरलेली काळी माती भिजवून व्हिनेगर टाकलं. सोडा-लिंबासारखी फसफसली, कान जवळ नेला तर आवाजसुद्धा येत होता. सासरेबुवांना दाखवलं, ते म्हणाले, त्या रानात नांगराला पांढरे खडे लागतातच, विचारलं असतंस तर सांगितलं असतं.

मेथी: नर्सरीच्या मातीत २० पैकी १८. माझ्या मिश्रणात ९, आणि त्यातल्या बहुतेकांच्या मुळांची टोकं तपकिरी, आखूड, वाकलेली. दोन वाट्या शेजारी ठेवल्यावर वाईटच वाटलं.

माती तपासणीलाही दिली होती. सामू ८.३, क्षारता १.६.

---

मुरलेलं_शेणखत · १५ जुलै

ताई, छान केलंत. आता सगळं जुळतं. सामू ८.३ ला मातीत लोह भरपूर असूनही मुळांना घेता येत नाही. क्षारता १.६ उगवणीला बाधते, मेथीची तपकिरी टोकं त्याचीच. तो क्षार न धुतलेल्या कोकोपीटमधला आणि राखेतला. नारळाच्या काथ्यात सोडियम आणि पालाश मुळातच जास्त असतं. पुढच्या वेळी वीट फुगवली की कापडात बांधून तीन-चार पाण्यांतून काढा. पहिलं पाणी कोऱ्या चहासारखं निघेल. पाणी फिकट होईपर्यंत धुवायचं.

अंड्याची टरफलं, चुन्याची निवळी, आणखी राख, हे सगळं बंद.

आता काही जण गंधक घाला म्हणतील. गंधकाने सामू उतरतो हे खरं, पण ते काम मातीतले जिवाणू करतात, त्याला महिने लागतात. शिवाय हिशोब बघा: १ किलो गंधक साधारण ३ किलो चुनखडी संपवतं. तुमच्या मातीत चुनखडी किलोंनी आहे. ती संपवायला इतकं गंधक लागेल की क्षार आणखी वाढतील. चुनखडीच्या मातीशी गंधकाने लढायचं नाही.

रोपं वाचवायला हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, त्यात लोह असतं. ५ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत, १ लिटर पाण्यात. आधी लिंबूसत विरघळवा, मग हिराकस. द्रावण हिरवट हवं. तांबूस झालं तर फेका, ते लोह वाया गेलं. चिकटायला रिठ्याचं पाणी चमचाभर. पावसाची उघडीप बघून संध्याकाळी शेंड्याच्या पानांवर, खालूनसुद्धा. आठ-दहा दिवसांनी परत. हिराकस तसंच मातीत टाकू नका, चुनखडीत ते दोन दिवसांत निकामी होतं. मातीत द्यायचंच तर दहापट मुरलेल्या शेणखतात मिसळून पंधरा दिवस मुरवून मग द्या. आम्ही उसाला असंच देतो.

---

शुद्ध_सेंद्रिय (नाशिक) · १५ जुलै

हिराकस म्हणजे रसायनच ना? मग सेंद्रिय कसलं? जीवामृत द्या, जमीन स्वतः सुधारते.

---

मुरलेलं_शेणखत · १६ जुलै

दादा, प्रश्न योग्य आहे. कमतरता तपासून सिद्ध झाली असेल तर सूक्ष्म अन्नद्रव्यं मर्यादित वापरायला सेंद्रिय प्रमाणीकरणातही वाव असतो. मी स्वतः जीवामृत करतो: २०० लिटर पाणी, १० किलो शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, मूठभर बांधावरची माती. शेतात त्याचा गुण बघितला आहे. पण शेतात मुळं चार फूट खाली जातात, गांडुळं असतात, जमिनीला श्वास असतो. वीस लिटरच्या पाणी साचलेल्या पिशवीत जीवामृत ओतलं तर तळाचा कुबट वास वाढेल. आधी वाफसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही हवी तेवढी, मग जीवामृत.

---

पागोळी (सांगली) · १६ जुलै

वाफशाचा विषय निघाला म्हणून लिहिते. ताई, तळातले विटांचे तुकडे काढा. सगळेच घालतात, मीही दहा वर्षं घातले. त्याने निचरा होत नाही, उलट घटतो.

घरात स्पंज असेल तर बघा. पाण्यात बुडवून आडवा धरा. पाणी गळून गळून थांबेल. आता तोच स्पंज न पिळता उभा धरा. परत धार लागते. का? बारीक छिद्रं पाणी धरून ठेवतात आणि तळाशी ठराविक उंचीपर्यंत ओल कायम राहते. पाण्याचा स्तंभ उंच झाला की वजनाने जास्तीचं गळतं. कुंडीतही तळाशी तसाच चिंब थर असतो. विटांचे तुकडे घातले की तो थर खाली जात नाही, तुकड्यांच्या वर येऊन बसतो, कारण बारीक मातीतलं पाणी मोठ्या पोकळीत सहज उतरत नाही. म्हणजे तुम्ही मुळांची जागा चार इंचांनी कमी केलीत. भोकावर माती वाहून जाऊ नये म्हणून एक खापरी पुरे.

आणि तुमचं मिश्रण तीन घमेली काळ्या मातीचं. काळी माती शेतात सोनं आहे, पिशवीत नाही. भिजली की फुगते, हवा कोंडते. सुकली की आकसून पिशवीच्या कडेपासून सुटते, मग पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं आणि मधला गड्डा कोरडाच राहतो. कुंडीत दहात एक भागापेक्षा जास्त घेऊ नये.

मुळं गुदमरली की चुनखडीच्या मातीत केवडा वाढतो, हे काकांना माहीत असेलच. म्हणजे ताईंचे हे दोन वेगळे आजार नाहीत. चिलटंही त्याच ओलीची. वरचा इंचभर थर सुकू दिला की त्यांच्या अळ्या मरतात.

---

चिंचेखाली (कल्याण) · १७ जुलै

धाग्यावर लक्ष ठेवून आहे. एक वेगळी गोष्ट, कोणाचं नुकसान होऊ नये म्हणून: निंबोळीऐवजी एरंडीची पेंड घेणार असाल आणि घरात कुत्रा असेल, तर घेऊ नका. एरंडीच्या पेंडीत विष असतं, आणि हाडांच्या चुऱ्याच्या वासाने कुत्रं ती उकरून खातं. आमचं गेलं.

---

पागोळी · १७ जुलै

फार वाईट वाटलं वाचून. बरं केलंत लिहिलंत ते.

---

हिरवा_कोपरा · १७ जुलै

मी एप्समचं बोललो होतो ते मागे घेतो. आज माझ्याही टोमॅटोची पानं वरून की खालून पिवळी ते बघितलं, खालून आहेत. म्हणजे नत्र किंवा मॅग्नेशियम. मिरचीची पानं मात्र वळून होडीसारखी झाली आहेत. तीही मातीमुळे का?

---

मुरलेलं_शेणखत · १८ जुलै

नाही. तो चुरडा-मुरडा. पानं वर वळली असतील तर फुलकिडे, खाली वळली असतील तर कोळी, आणि पांढरी माशी विषाणू आणते ते वेगळंच. भिंग घेऊन पानाची खालची बाजू बघा. मिरचीच्या पानाचा आकार बिघडला की आधी कीड शोधायची, रंग बिघडला की मग मातीकडे वळायचं. माझी इतक्या वर्षांची सवय आहे.

---

गच्चीवरची_मिरची · २३ ऑगस्ट

इतके दिवस लिहिलं नाही, आधी करून बघायचं ठरवलं होतं.

वीसपैकी आठ बॅगा मोडल्या. रोपं हळूच काढून, मुळं धुवून, नव्या मिश्रणात लावली: नर्सरीची लाल माती ३, धुतलेलं कोकोपीट ३, जुनं गांडूळखत २, भाताचं तूस २. खाडीकाठ दादांचं ऐकून इथल्या पशुखाद्याच्या दुकानात विचारलं, तूस मिळालं. डोलोमाइट नाही, राख नाही, विटा नाहीत. पेंड मूठभरच, तीसुद्धा वेगळी मुरवून.

उरलेल्या बारा बॅगांच्या खाली छिद्रं वाढवली, विटांवर उचलून ठेवल्या आणि बोअरचं पाणी बंद केलं. पागोळीखाली पिंप लावलं, पावसाचंच पाणी. हिराकस तीनदा फवारलं. पहिल्यांदा द्रावण तांबूस झालं, काकांनी सांगितल्याप्रमाणे टाकून दिलं. नंतर कळलं, मी हिराकस आधी घातलं होतं आणि पाणी बोअरचं घेतलं होतं.

पहिल्या फवारणीनंतर सहाव्या दिवशी मिरचीच्या पानांवर हिरवे ठिपके दिसले, जिथे जिथे थेंब बसला होता तिथेच. मी नवऱ्याला हाक मारून दाखवलं. नवी पानं मात्र परत फिकट येतात, दर दहा दिवसांनी फवारावंच लागतं. नव्या मिश्रणातली आठ झाडं फवारणीशिवाय हिरवी आहेत, मिरची लागली आहे. वांग्याची दोन रोपं गेली. चिलटं जवळजवळ नाहीत.

आता त्या बारा बॅगांमधली माती, जवळजवळ अडीचशे लिटर, तिचं काय करू? सासऱ्यांच्या शेतातली आहे, फेकायला हात होत नाही.

---

मेपलखालची_ओसरी · २४ ऑगस्ट

ते थेंबाथेंबाचे हिरवे ठिपके! फोटो टाका ना, शेजाऱ्याला दाखवते. तो म्हणतो, पुढच्या वेळी कोणाचीही पाककृती घेताना आधी विचारा, ती कुठल्या मातीला लिहिली आहे.

---

मुरलेलं_शेणखत · २४ ऑगस्ट

फेकू नका. पावसाने क्षार बराच धुतला असेल. मेथीची वाटी परत लावून बघा. १५ च्या वर उगवली तर हिवाळ्यात पालक, बीट, चाकवत करा. क्षाराची आणि चुन्याची या कुळाला फारशी फिकीर नसते. मोठ्या पिंपात डाळिंब किंवा सीताफळ लावायचं असेल तर तेही चुनखडीत तगतात. जास्वंद, कढीपत्ता, लिंबू त्यात लावू नका, ती तिन्ही केवड्याला बळी पडतात.

---

गच्चीवरची_मिरची · ४ ऑक्टोबर

मेथी २० पैकी १७, मुळं पांढरी. काल सहा बॅगांमध्ये पालक पेरला, दोनमध्ये चाकवत. चाकवताचं बी सासूबाईंनी गावाहून पाठवलं आहे, त्याच रानातलं.